तीन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे

लोकांच्या घरातल्या भेगा बघणं हे माझं काम आहे. कोणी विचारलं तर मी 'मेट्रोत आहे' एवढंच सांगते. मग समोरच्याला वाटतं मी गाडी चालवते किंवा तिकिटाच्या खिडकीत बसते, आणि तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत मी पडत नाही. खरं काम असं की मेट्रोचा मार्ग पुढे वाढवायचा ठरला की जुन्या टोकापासून नव्या टोकापर्यंत बोगदा खणावा लागतो. बोगद्याच्या वर जी घरं येतात त्यांच्यात आधी जाऊन प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा आणि प्रत्येक भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी चिकटवायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. बोगदा खणणारं मशीन खालून निघून गेलं की पुन्हा जायचं, त्याच जागी उभं राहून तेच फोटो काढायचे आणि काय बदललं ते लिहायचं.

दिल्लीला मी यासाठी आले नव्हते. सांगलीकडे सिव्हिलची डिग्री घेतली आणि कलेक्टर व्हायला म्हणून मुनिरक्यात खोली घेऊन राहिले. आमच्या मजल्यावर सगळे होऊ घातलेले कलेक्टरच होते. झालं कोणीच नाही, पण भांडी कोणी घासायची यावरून चर्चा मात्र मंत्रालयात व्हावी तशी रंगायची. शेवटचा प्रयत्न संपल्यावर गावी तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून इथेच एका कंत्राटदार कंपनीत नोकरी धरली. खोली तीच ठेवली. माझा स्वभाव तापट, जीभ त्याहून. तरीही साहेबांनी मला घरोघरी जायच्या कामावर घातलं, कारण त्यांच्या मते बाईनं बेल वाजवली की दार उघडतं.

दार उघडायचं, पण मग लोक सोडायचे नाहीत. ज्या गल्लीबद्दल मी सांगते आहे ती पश्चिम दिल्लीतल्या एका जुन्या वसाहतीतली. सुरुवातीला एक मजला, मग मुलाच्या लग्नात दुसरा, मग भाडेकरूसाठी तिसरा, अशी वाढत गेलेली घरं. मेट्रोवाले आले म्हटल्यावर सगळ्यांना भेगा सापडायला लागल्या. एका बाईंनी मला जिन्याखाली नेऊन हातभर लांब भेग दाखवली आणि म्हणाल्या, "ये आपकी मशीन से हुआ है." मशीन तेव्हा चार स्टेशनं मागे होतं. मी भेगेतलं कोळ्याचं जाळं दाखवलं आणि म्हटलं, "आंटी, ये मकड़ी तो दादी बन चुकी है." त्या हसल्या, पण नुकसानभरपाईचा हट्ट काही त्यांनी सोडला नाही.

अख्ख्या गल्लीत भेगा लपवणारं घर एकच होतं. तळमजल्यावरचं, पुढे छोटं अंगण, कुंडीत तुळस. मी दारात उभी राहून हेल्परवर ओरडत होते, आणि त्या भरात तोंडातून "अरे देवा" निघून गेलं. आतून आवाज आला, "अगं बाई, मराठी का तू? ये, ये, चपला राहू देत."

त्या काकू. सत्तरीच्या, ठेंगण्या, गाऊनवर ओढणी घेतलेल्या. पाच मिनिटांत माझ्या हातात पोह्यांची बशी होती. खुर्चीत काका बसले होते, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, दाढी केलेली. मला बघून ते अर्धवट उठले आणि म्हणाले, "या. आपण कोणत्या मंत्रालयातून?" मी म्हटलं, मेट्रोचं काम आहे, काका. "अच्छा, अच्छा. म्हणजे नगरविकास," असं म्हणून ते समाधानानं बसले. दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घे गं, लिंबू पिळून घे."

काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सगळा जन्म आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेला आणि निवृत्तीच्या पैशातून हे घर घेतलं. मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या कोणाचाही कुठल्याही ऑफिसात अर्ज जायचा असला की तो काकांकडून लिहून घ्यायची रीत होती. पंजाबी, बिहारी, सगळे त्यांना बाबूजी म्हणायचे. गेली तीन-एक वर्षं मात्र त्यांना विसर पडायला लागला होता, आणि आता तो बराच पुढे गेला होता.

मी कॅमेरा काढला आणि भिंतीला हात लावला तर बोटाला पांढरं लागलं. वास घेतला. टूथपेस्ट होती! मेट्रोची माणसं येणार म्हणून काकूंनी घरातल्या सगळ्या भेगांमध्ये टूथपेस्ट भरून ती बोटानं सपाट केली होती, आणि जी भेग बुजेना तिच्यावर कॅलेंडर लावलं होतं. मी डोक्याला हात लावला. "काकू, मी भेगाच बघायला आलेय!" "अगं पण घरात कोणी यायचं म्हणजे..." एवढं बोलून त्या स्वतःच हसायला लागल्या. आम्ही दोघींनी मिळून ती पेस्ट सुरीनं खरवडून काढली. त्या दिवशी किती तरी महिन्यांनी मी पोटभर मराठीत बोलले.

तेव्हाच मी तो काठ बघितला. काकूंनी आपल्या एका जुन्या इरकल साडीचे हिरवे काठ कापून, एकाला एक शिवून, कमरेच्या उंचीवर भिंतीला खिळ्यांनी बांधले होते. पलंगापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून देवघरापर्यंत, देवघरापासून पुढच्या खुर्चीपर्यंत. काका उठले की त्यांचा उजवा हात आपोआप त्या काठावर जायचा आणि ते सावकाश, न चुकता, जिथे जायचं तिथे जायचे. न्हाणीपाशी काठाला गाठ होती आणि देवघरापाशी एक घुंगरू. "डोक्यातून सगळं गेलं तरी हाताला घर पाठ आहे बघ," काकू म्हणाल्या. मी त्या काठाला धक्का न लावता काचा चिकटवल्या. चिकटवायच्या लांबीचा, म्हणजे पुटीचा, डबा कायम माझ्या बॅगेत असतो.

त्यानंतर मी काम नसतानाही तिकडे जाऊ लागले. लोभ होता, पोह्यांचा आणि भाषेचा. आणि खरं सांगायचं तर, कोणीतरी आपली वाट बघतंय याचाही.

मग घरं रिकामी करायची वेळ आली. मशीन बरोबर खालून जातं त्या दिवसांत वरच्या घरांत कोणी राहू नये, असा शिरस्ता असतो. लोकांना कंपनीच्या खर्चानं हॉटेलात ठेवतात आणि मशीन पुढे सरकलं की परत आणतात. घराला बहुतेक वेळा काही होत नाही. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, म्हणून ही खबरदारी. गल्ली मात्र हटून बसली. कोणाच्या घरात लग्न, कोणाची म्हैस, कोणाला वाटलं मेट्रोवाले घर गिळणार. बैठकीत एकानं माझ्या साहेबांच्या अंगावर वही फेकली.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मैडम, वो बाबूजी आपकी तरफ़ के हैं ना? आप समझाओ. वो निकल गए तो पूरी गली निकल जाएगी."

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. काकांचं घर बोगद्याच्या बरोबर वर नव्हतं. मशीन जाणार होतं समोरच्या रांगेखालून, आणि आमच्या नकाशावर काकांचं घर खबरदारीच्या पट्ट्याच्या अगदी कडेला येत होतं. त्यांना हलवलं तरी चाललं असतं, नसतं हलवलं तरी. साहेबांना ते माहीत होतं, मला माहीत होतं. काकूंना माहीत नव्हतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही. मी गेले, पोहे खाल्ले आणि मराठीत समजावलं.

काकू खूप वेळ एकच ताट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं काही नाही गं. पण यांना नवी जागा झेपेल का?"

"काकू, तीन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं गेस्ट हाऊस आहे ना, तिथे नाही का होणार सोय? निदान आजूबाजूला कोणी आपल्या भाषेत बोलेल. यांना हिंदी आता कळेनाशी झालीय."

मी म्हटलं, बघते. मी बघितलं नाही. फोनही केला नाही. त्यासाठी साहेबांना पटवावं लागलं असतं, कुणाचं पत्र आणावं लागलं असतं, आणि मला तर दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली हलवायची होती. संध्याकाळी मी काकूंना सांगितलं की तिथे जागा नाही. किती सहज सांगितलं, याचं मला आजही नवल वाटतं.

"बरं," काकू म्हणाल्या. "आपल्याकडचं माणूस सांगतंय म्हणून निघते हो."

निघताना त्यांनी देव डब्यात घेतले आणि देवघर रिकामं राहू नये म्हणून तिथे सुपारी ठेवली. काकांच्या हातावर दही घातलं. काकांनी कुलूप लावलेल्या दाराकडे बघून सवयीनं म्हटलं, "येतो." शेजारच्यांनी बाबूजींना गाडीत बसताना पाहिलं आणि दुपारपर्यंत सगळी गल्ली रिकामी झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

हॉटेल वाईट नव्हतं. स्वच्छ खोली, गुळगुळीत भिंती, लिफ्ट. पहिल्याच सकाळी मी गेले तर काकूंचे डोळे सुजलेले. काका रात्रभर भिंतीवरून हात फिरवत काठ शोधत होते. न्हाणी म्हणून त्यांनी कपाटाचं दार उघडलं होतं, आणि मग जे व्हायचं ते झालं होतं. काकू ते सांगताना हसल्या, पण हसणं अर्ध्यातच राहिलं. काका पलंगाच्या कडेला बसून होते, शर्टाचं बटण न लावता. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

"मला तो काठ तरी आणून दे गं घरून," काकू म्हणाल्या. "इथे बांधते."

मी म्हटलं, "काकू, हॉटेलवाले खिळे मारू देणार नाहीत."

ही गोष्ट मी कितीही वेळा मनात फिरवली तरी तिची धार कमी होत नाही. भिंतीवर वस्तू चिकटवायच्या, हाच तर माझा धंदा. लांबीचा डबा तेव्हाही माझ्या बॅगेत होता, खांद्यावर, मी बोलत असताना. खिळ्यांची गरजच नव्हती. अर्ध्या तासाचं काम होतं. पण माझं सगळं लक्ष मशीनकडे होतं, आणि ज्याचं लक्ष दुसरीकडे असतं त्याला सोपी गोष्टही सुचत नाही. की सुचली होती आणि टाळली? तेही मला आता नक्की सांगता येत नाही.

आणि मग मशीन अडलं. खाली अपेक्षेपेक्षा कठीण दगड लागला. दगड कापणारी पाती झिजली, ती बदलायला हवी होती. मशीन नेमकं समोरच्या रांगेखाली उभं राहिलं. गल्लीला परत पाठवणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज अगदी शांत. "हे मला ताई म्हणतायत. मला घरी ने बाई. घर पडलं तर पडलं, आम्ही त्यात राहू."

मी त्यांना नेऊ शकले असते. घर पट्ट्याच्या कडेला होतं. साहेबांशी भांडले असते तर कदाचित ते ऐकलेही असते. भांडायला मी कधी कोणाच्या बापाला घाबरत नाही. पण बाबूजी परतले असते तर त्यांच्या मागोमाग सगळी गल्ली परतली असती, आणि मशीनवरच्या त्या घरांत माणसं असणं खरोखरच धोक्याचं होतं. हे कारण खोटं नाही. मी ते स्वतःला पुष्कळदा सांगते. फक्त त्या क्षणी मला आठवले ते साहेब आणि थोपटलेली पाठ.

"काकू, आणखी तीन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "बरं."

ते दिवस पुरे दोन आठवडे लांबले. मशीन सुटलं, रांगेखालून निघून गेलं. वर एकही काच तडकली नाही. एकही नाही! आमच्या ऑफिसात त्याचं कौतुक झालं. परतायच्या दिवशी मी पहाटेपासून काकूंच्या घरात होते. आधीचे फोटो समोर धरून मी प्रत्येक वस्तू जागच्या जागी लावली. खुर्ची, कॅलेंडर, पाण्याचा तांब्या, पलंगाखालच्या सपाता. कुलूपबंद घरात धूळ साचली होती, ती पुसली. काठ झटकून पुन्हा ताणून बांधला. तुळशीला पाणी घातलं. इतक्या मनापासून मी माझ्या आईचंही घर कधी आवरलं नव्हतं. मला वाटत होतं, हात काठाला लागला की सगळं परत येईल.

काका दारातून आत आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खुर्चीत बसले. काठाला त्यांनी हातही लावला नाही.

"वा," ते मला म्हणाले. "छान केलंय हो. अगदी आमच्या घरासारखं केलंय."

काकू देव मांडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"पण आम्हाला घरी कधी सोडणार?" काकांनी विचारलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि तो वाहत असेपर्यंत रडले. मग बाहेर आले, कॅमेरा काढला आणि नंतरचे फोटो घेतले, कारण तेही करायचं होतंच. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर कोणता कुठला ते मलाही सांगता आलं नसतं. तक्त्यात काकूंच्या घराच्या रकान्यात मी 'बदल नाही' असं लिहिलं. काकूंनी खाली सही केली. चष्मा शोधत बसल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात बोगदा आरपार झाला. मशीन पलीकडच्या खड्ड्यात बाहेर आलं तेव्हा नारळ फुटले, सगळ्यांनी एकमेकांना पेढे भरवले, फोटो निघाले. मी फोटोत हसते आहे. पेढा मात्र मी रुमालात गुंडाळून ठेवला आणि काकूंकडे न्यायचं धाडस न झाल्यामुळे तो बॅगेतच वाळून गेला.

होणारच होतं, असं सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच, कधीतरी हे झालंच असतं. साहेब म्हणाले, "मैडम, दिल पे मत लो." खुद्द काकूही म्हणाल्या, होणारच होतं गं. मला या वाक्याचा संताप येतो. होणारच होतं तर ते घरी होऊ द्यायचं होतं, काठ हातात असताना! त्या माणसानं घर विसरण्याआधी आणखी एखादा हिवाळा आपल्या अंगणात उन्हाला बसून काढला असता. तो हिवाळा मी घेतला. भेग असती तर मी दाखवू शकले असते, भरून देऊ शकले असते. इथे तर काही दिसतच नाही.

काकूंनी मला कधी दोष दिला नाही. एकदा तरी चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दर रविवारी जाते. त्या पोहे करतात, लिंबू पिळ म्हणतात. काका माझ्याशी फार अदबीनं बोलतात, कारण त्यांना वाटतं हे हॉटेल माझं आहे. किंवा घराचा ताबा ज्या ऑफिसात अडकलाय तिथली मी कोणीतरी अधिकारी आहे. "फाइल कोणाच्या टेबलावर आहे, एवढं कळलं तरी पुरे," ते म्हणतात. "मी नोट टाकून देतो." मी विचारते, "कोणतं घर, काका?" मग ते सांगतात: पुढे छोटं अंगण आहे, कुंडीत तुळस आहे, देवघरापाशी एक घुंगरू वाजतं. आणि सांगताना ते त्याच अंगणाकडे तोंड करून बसलेले असतात.

संध्याकाळ झाली की जास्त होतं. कपड्यांची पिशवी भरतात, बटण लावतात आणि दारापाशी उभे राहतात. काकू आधी समजावायच्या, हेच घर, हेच घर. मग एकदा त्यांनी वेगळंच केलं. "चला," म्हणाल्या, आणि त्यांना घेऊन कोपऱ्यापर्यंत फिरून आल्या. परत दारात आल्यावर काका म्हणाले, "आलो एकदाचे." त्या रात्री ते शांत झोपले. तेव्हापासून हा त्यांचा उपाय आहे. कधी लागू पडतो, कधी नाही. गल्ली छोटी आहे; कधीकधी काकांना फसवणूक कळते.

नवा मार्ग सुरू झाला त्याच्या पुढच्या रविवारी काकूंनी मला बाजूला बोलावलं. "मेट्रोनं नेऊन आणू या का गं यांना? लांब गेल्यासारखं वाटेल. आणि तूही चल. स्टेशनात मला काही कळत नाही."

मी कामाशिवाय त्या मार्गावर पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. पण काकूंना नाही म्हणायचं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं.

सगळं नवं होतं, सरकता जिना चकचकीत. काकांनी माझा हात घट्ट धरला आणि पिशवी छातीशी. डब्यात एका मुलानं उठून त्यांना जागा दिली. आम्ही शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो, फलाटावर थोडं बसलो, काकूंनी डब्यातले शंकरपाळे काढले, आणि परतीच्या गाडीत चढलो. काका खुशीत होते. फार दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ती घाई दिसत होती, ऑफिस सुटल्यावर घरी निघालेल्या माणसाची. "निघालो एकदाचे," ते शेजारच्या अनोळखी माणसाला मराठीत म्हणाले. त्यानं मान डोलावली.

गाडी बोगद्यात शिरली. वळणापाशी ती थोडी हळू होते आणि एका बाजूला झुकते. ते वळण मला नकाशावर पाठ होतं. काकूंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आत्ता का गं?"

मी मान हलवली. काकूंनी वर डब्याच्या छताकडे बघितलं. तिकडे कुठेतरी त्यांची तुळस होती, कुलूप होतं, भिंतीवर ताणून बांधलेला काठ होता. बघत असतानाच त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाई," काका मला म्हणाले, "घरी पोचायला अजून किती?"

माझ्या तोंडात ते जुनं वाक्य तयार होतं. मी ते गिळलं. "झालंच, काका," मी म्हटलं. "थोडंच राहिलंय."

"असू दे, असू दे. घाई नाही." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, थोपटला. "तुमच्यावर भरवसा आहे. आपल्याकडचं माणूस भेटलं, म्हणून तर निघालो आम्ही."